बॅगपाइपची जुनी ध्वनिमुद्रणं: खाणकामगार, मेंढपाळ आणि घरातली टेप

टाइनकाठी (धागाकर्ती)

बॅगपाइप म्हटलं की आपल्याला २९ जानेवारीचा विजय चौक आठवतो. बीटिंग रिट्रीट, पांढऱ्या पट्ट्या, एका तालात पडणारी पावलं. मीही या वाद्याला इतकंच ओळखत होते. सहा वर्षांपूर्वी न्यूकॅसलला राहायला आले. पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजींनी चहाला बोलावलं, आणि चहा झाल्यावर कपाटातून एक लांबट लाकडी पेटी काढली.

आत निघालं ते आपल्या ओळखीचं वाद्य नव्हतं. आजींनी उजव्या कोपराला पट्ट्याने छोटा भाता बांधला, पिशवी डाव्या काखेत घेतली, आणि चार बारीक नळ्यांचा जुडगा छातीवर आडवा टेकवला. तोंडाने फुंकणं नाहीच. कोपर हललं, भाता भरला, आधी नळ्यांचा धरून ठेवलेला स्वर लागला आणि मग काळ्या लाकडाच्या वीतभर नळीवर बोटं चालू लागली. आवाज किती लहान म्हणून सांगू! बाजूच्या खोलीत कुणी झोपलं असतं तरी जागं झालं नसतं. आणि प्रत्येक स्वर सुटा. तट्, तट्, तट्, मध्ये बारीकशी शांतता. इथले वादक याला शेंगेतून टपटप बाहेर पडणाऱ्या मटाराच्या दाण्यांची उपमा देतात.

हे नॉर्थम्ब्रियन स्मॉलपाइप्स. इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेला लागून असलेल्या नॉर्थम्बरलँड परगण्याचं वाद्य. त्याची सगळी गंमत एका गोष्टीत आहे: सूर वाजवण्याच्या नळीचं, म्हणजे चँटरचं, खालचं तोंड बंद असतं. स्कॉटलंडच्या मोठ्या हायलँड पाइपचं तोंड उघडं, त्यामुळे वारा सुरू आहे तोवर तिथे आवाज थांबवताच येत नाही. इथे मात्र सगळी भोकं बोटांनी झाकली की चँटर गप्प. एका वेळी एकच बोट उचलायचं, ते पुन्हा ठेवायचं, मग दुसरं उचलायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन डन आणि रॉबर्ट रीड या कारागिरांनी त्याला धातूच्या चाव्या बसवल्या आणि आठ स्वरांचं हे वाद्य पुढे जवळजवळ दोन सप्तकांत फिरू लागलं.

धागा काढायचं कारण ध्वनिमुद्रणं. गेल्या चार-पाच वर्षांत मी जमेल तितकी ऐकली, आणि माझं मत पक्कं झालं आहे की या वाद्याचा जीव बँडच्या चकचकीत तबकड्यांत सापडत नाही. तो सापडतो कामकरी माणसांनी वाजवलेल्या जुन्या, खरखरीत मुद्रणांत.

पहिलं नाव टॉम क्लफ (१८८१–१९६४). ब्लाइथ बंदराजवळच्या न्यूशमचे कोळसा खाणकामगार. वाद्य घरात वडिलोपार्जित चालत आलेलं. १९२९ साली एचएमव्हीने त्यांचं वादन ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीवर घेतलं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्यातलं ‘होली हेपनी’ मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तबकडीच्या खरखरीमुळे वैतागून बंद केलं होतं. दुसऱ्यांदा हेडफोन लावून बसले. धून साधी, बालगीतासारखी. पण प्रत्येक फेरीत ती दुप्पट भरत जाते आणि इतक्या वेगातही एकही दाणा दुसऱ्याला चिकटत नाही. दिवसभर खाणीत काम करणाऱ्या माणसाची ती बोटं, हे मनातून जात नाही.

दुसरे बिली पिग (१९०२–१९६८). हे शेतकरी, आणि क्लफ घराण्याकडेच शिकलेले. पण वाजवायचे अगदी वेगळं. स्वर ओढत, घसरवत, मध्येच दोन स्वर एकमेकांत मिसळून देत. शिस्तीच्या वादकांना हे आवडत नसे. अशा सैल बोटांना इथे ‘चॉइटिंग’ असा नावं ठेवणारा शब्दच आहे. पिग गेल्यावर, १९७१ मध्ये, लोकांनी खाजगीत केलेल्या टेपांवरून ‘द बॉर्डर मिन्स्ट्रेल’ ही तबकडी निघाली. मला विचाराल तर या वाद्यावरचं एकच मुद्रण ठेवायचं झालं तर मी हे ठेवीन. टेपची सळसळ आहे, पण ऐकणारे ओळखीचे आहेत हे वादनात कळतं. कुणासमोर परीक्षा द्यायची नाही, असा हात मोकळा सुटला आहे.

तिसरे जो हटन, हे मेंढपाळ. विल टेलर (फिडल) आणि विल ॲटकिन्सन (माउथ ऑर्गन) या आणखी दोन मेंढपाळांबरोबर त्यांचं त्रिकूट होतं. त्याचं नावही ‘द शेफर्ड्स’. त्यांची मुद्रणं नाचासाठीच्या संगीताची, पाय आपोआप हलतात अशी. आजच्या कॅथरिन टिकेल यांनी लहानपणी याच मंडळींच्या सहवासात हे संगीत उचललं. गायक स्टिंगच्या १९९१ च्या ‘द सोल केजेस’ या अल्बममध्ये जे पाइप ऐकू येतात ते त्यांचेच. बहुतेकांनी हे वाद्य नकळत ऐकलेलं असतं ते तिथे.

तुमच्यापैकी कुणी काही ऐकलं असेल, शिकलं असेल, घरात कुणी वाजवत असेल तर जरूर लिहा.

मंद्रसाधक

सुरेख धागा. मी पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करतो, म्हणून ऐकण्याविषयी दोन गोष्टी सांगतो.

एक, हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. हायलँड पाइपचा षड्ज आजकाल साधारण ४७८ हर्ट्झच्या आसपास लावतात. दोन टेनर ड्रोन (एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या) त्याच्या एक सप्तक खाली, म्हणजे २३९, आणि बेस ड्रोन आणखी एक सप्तक खाली, ११९–१२०. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून हा खर्ज जवळजवळ गायबच होतो आणि उरतो तो चँटरचा कर्कश आवाज. बॅगपाइप डोकं उठवतो असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तंबोरा काढून टाकलेलं गाणं ऐकलेलं असतं.

दुसरं, ‘स्वच्छ केलेली’ आवृत्ती टाळा. मागे एका ठिकाणाहून जुन्या ७८च्या तबकडीची डिजिटल प्रत विकत घेतली होती. खरखर काढताना त्यांनी यंत्राला इतकी मोकळीक दिली होती की स्वर सुरू होतानाचा टोकदार ‘ट्’ सुद्धा खरखर समजून पुसला गेला होता. तुम्ही म्हणता ती मटाराच्या दाण्यांची गंमत त्या टोकातच आहे. ती गेल्यावर मटाराची उसळ झाली. मी मूळ खरखरीत प्रत मिळवली तेव्हा जिवात जीव आला.

सा_रे_ग_भूप

वाचतेय, ऐकतेय. हायलँड पाइपच्या दोन-तीन धुना हार्मोनियमवर काढून पाहिल्या. एकूण नऊच स्वर, खाली कोमल निषादापासून वरच्या षड्जापर्यंत. सरळ खमाज थाट. त्यातल्या पुष्कळ धुना मध्यम-निषाद सोडून देतात, त्यामुळे कानाला भूप वाटतो. एक प्रश्न: ज्या वाद्याचा आवाज थांबत नाही त्यावर एकच स्वर लागोपाठ दोनदा कसा वाजवतात?

टाइनकाठी

@सा_रे_ग_भूप, मध्ये दुसऱ्या स्वराचा अगदी क्षणभर चिमटा घेतात. इतका लहान की तो स्वर म्हणून ऐकूच येत नाही, फक्त तुटल्याचा भास होतो. हायलँड वादनाची सगळी नक्षी या गरजेतून आली आहे. नॉर्थम्ब्रियनला ती गरज नाही. तिथे खरीखुरी शांतता मिळते.

एडिनबरोकर

धागा आवडला, पण एका वाक्याशी माझं भांडण आहे. हायलँड पाइपला तुम्ही विजय चौकात नेऊन उभं केलंत आणि तिथेच सोडलंत. फौजेने ते वाद्य जगभर नेलं हे खरं, पण त्याचं सगळ्यात खोल संगीत संचलनाचं नाहीच. ते एकट्याने वाजवायचं आहे. त्याचं नाव पिब्रोख. गेलिक भाषेत त्याला ‘क्योल मोर’, मोठं संगीत, असंही म्हणतात.

आपल्या माणसाला ते समजायला वेळ लागत नाही, हा माझा अनुभव. आधी ‘उर्लार’ वाजतो. या शब्दाचा अर्थच जमीन, तळ. संथ, सावकाश, जवळजवळ लयीबाहेर. मग त्यावर एकेक आवर्तन चढत जातं, बोटांची गुंतागुंत वाढत वाढत क्रुनलुआ या सगळ्यात अवघड नक्षीपर्यंत पोचते, आणि शेवटी वादक परत त्या उघड्या जमिनीवर येतो. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. आणि हे सगळं पिढ्यान् पिढ्या तोंडी शिकवलं गेलं. त्याच्या बोलांना ‘कांटारेख्त’ म्हणतात: हिहारिन, होदिन, हिरिरिन असे. पखवाजाचे बोल जसे हाताची जागा सांगतात तसे हे बोल स्वर आणि त्याभोवतीची नक्षी दोन्ही सांगतात. गुरू आधी गाऊन दाखवणार, मगच शिष्याच्या हातात चँटर.

‘मुलांसाठीचा विलाप’ नावाचा एक पिब्रोख आहे. स्काय बेटावरचे पॅट्रिक मोर मॅक्रिमन यांनी तो रचला असं परंपरा सांगते. आठ मुलगे घेऊन चर्चला जाणारा हा बाप, आणि वर्षाच्या आत देवीच्या साथीत त्यातले सात गेले. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ही कथा माहीत नव्हती. तरी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता हात थांबला होता.

ध्वनिमुद्रणांचं म्हणाल तर एडिनबरो विद्यापीठाच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने (स्थापना १९५१) टेप घेऊन गावोगाव फिरून जे जमवलं त्याला तोड नाही. रॉबर्ट ब्राउन आणि रॉबर्ट निकल हे दोघे स्कॉटलंडात बालमोरल इथे असलेल्या ब्रिटिश राजघराण्याच्या इस्टेटीवर नोकरीला. शिकार आणि मासेमारीची व्यवस्था बघणारी माणसं. सुट्टी मिळाली की इन्व्हरनेसच्या जॉन मॅक्डॉनल्ड यांच्याकडे शिकायला जायची. ‘बालमोरलचे बॉब’ म्हणूनच ओळखली जातात. त्यांचे पिब्रोख ‘स्कॉटिश ट्रॅडिशन’ मालिकेत निघाले आहेत. त्याच मालिकेत जॉर्ज मॉस आहेत. स्पर्धांनी वादनाला एका साच्यात बसवण्याआधीची जुनी पद्धत त्यांनी जपली होती, आणि ते बोल गाऊनही दाखवतात. एका बैठकीत आधी माणूस गातो आणि मग तेच वाद्य बोलतं, यापरतं शिक्षण नाही.

यातलं पुष्कळसं ‘टोबर अन दुआलखाइस’ या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतं. नावाचा अर्थ वारशाची विहीर. स्कूलच्या टेपांबरोबर बीबीसीची जुनी मुद्रणं आणि कॅना बेटावरचा कॅम्पबेल दांपत्याचा संग्रहही त्यात आहे.

टाइनकाठी

@एडिनबरोकर, मान्य. ते वाक्य मी घाईत लिहिलं. आणि तुमचे बालमोरलचे बॉब माझ्या म्हणण्याला बळच देतात. तेही नोकरी सांभाळून वाजवणारेच. जॉर्ज मॉस आजच रात्री ऐकते.

पायवाट_हिमालयाची

अवांतर: गढवालमध्ये एका लग्नाला गेलो होतो. ढोल-दमाऊबरोबर एक आजोबा बॅगपाइप वाजवत होते, वर लाल-पिवळ्या कापडाची झूल. तिकडे त्याला मशकबीन म्हणतात. ब्रिटिशांच्या काळात पलटणीतून गावात आलेलं वाद्य, पण वाजत होती ती सगळी पहाडी गाणी. वरात चढण चढत होती आणि तो आवाज दरीच्या पलीकडून परत येत होता. विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, हे आमचंच वाद्य.

सुंदरी_सोलापूर

मी सनई-सुंदरीवाल्यांच्या घरातली. आमच्याकडे एक जण मुख्य सनई वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरून बसतो. लहान पोरांना पहिली काही वर्षं सूरच धरायला लावतात. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, न तुटता. बॅगपाइपच्या पिशवीने ते पोरगं आणि तो श्वास दोन्हींचं काम उचललंय, असं वाचता वाचता वाटलं. ताई, तुमच्या आजींच्या पाइपला पत्ती कसली? आम्ही ताडाच्या पानाची करतो.

टाइनकाठी

@सुंदरी_सोलापूर, किती नेमकं लिहिलंत! आजींना विचारून आले. बोरूची पत्ती. चँटरला तुमच्यासारखी जोडपत्ती, आणि ड्रोनच्या नळ्यांना एकेरी, पुंगीला असते तशी. भात्याची हवा कोरडी असल्यामुळे पत्ती ओली होत नाही, वर्षानुवर्षं टिकते. आजींच्या चँटरमधली पत्ती अकरा वर्षांची आहे. तोंडाने फुंकायच्या पाइपमध्ये श्वासाची वाफ जाते, तिथे एवढी टिकत नाही. स्कॉटलंडात भात्याच्या सगळ्याच पाइपांना ‘थंड वाऱ्याचे’ पाइप म्हणतात. हेमिश मूर यांच्या १९८५ च्या तबकडीचं नावही तेच, ‘कॉल्ड विंड पाइप्स’. सीमेपलीकडे जवळपास विसरलेली ही भात्याची घराणी पुन्हा उभी राहिली त्यात त्या तबकडीचा मोठा वाटा आहे.

गेल्या शनिवारी मी मॉर्पेथला जाऊन आले. न्यूकॅसलहून आगगाडीने वीसेक मिनिटं. नदीकाठी तेराव्या शतकातलं चँट्री नावाचं दगडी प्रार्थनागृह आहे, त्याच्या माडीवर बॅगपाइपचं संग्रहालय. मूळ संग्रह विल्यम कॉक्स या घड्याळजींचा. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हस्तिदंताच्या कड्या आणि चांदीच्या चाव्यांचं वेड लागावं हे किती साहजिक! काचेमागे एक इतका लहान संच आहे की त्याची पिशवी माझ्या तळहाताएवढी असेल.

पण मुद्रणाचा विषय निघालाच आहे तर कागदावरचं एक मुद्रणही सांगायलाच हवं. १७३३ साली विल्यम डिक्सन नावाच्या नॉर्थम्बरलँडच्या माणसाने आपल्या वहीत चाळीस धुना, प्रत्येकीच्या लांबलचक विस्तारासह, उतरवून ठेवल्या. ब्रिटनमधलं बॅगपाइपच्या संगीताचं आज माहीत असलेलं हे सर्वांत जुनं हस्तलिखित. ती वही पर्थच्या ग्रंथालयात होती. मॅट सीटल यांनी अभ्यास करून १९९५ मध्ये ती छापली आणि पुढे ‘आउट ऑफ द फ्लेम्स’मध्ये त्या धुना बॉर्डर पाइपवर स्वतः वाजवल्या. बॉर्डर पाइप म्हणजे भात्याचाच, पण उघड्या तोंडाचा, माजघर भरून टाकणाऱ्या आवाजाचा. अडीचशे वर्षं कुणाच्या कानावर न पडलेले विस्तार! वही नसती तर चाळीसच्या चाळीस गेले असते. इथले वादक अजून त्यातली एकेक धून बोटांत बसवत आहेत.

मंद्रसाधक

डिक्सनच्या धुना ऐकल्या. विस्तार करण्याची पद्धत क्लफच्या तबकडीशी जवळची वाटते. दोनशे वर्षांचं अंतर, तरी एकाच मुशीतलं.

बेळगावचा_सदा

हा धागा तीन दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललेलं. माझे बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत पाइप वाजवायचे. १९६४ ला भरती झाले. आमचं गाव चंदगडकडे, आता बेळगावात माझ्याकडे असतात. वय झालंय, उजव्या कानाने कमी ऐकू येतं.

बाबा सांगतात, पहिले सहा महिने पिशवीला हात लावू दिला नव्हता. नुसता प्रॅक्टिस चँटर. झाडाखाली ओळीने बसून लो जी ते हाय ए, लो जी ते हाय ए. घरी सुट्टीवर आले की तो चँटर घेऊनच यायचे आणि गोठ्यात बसून वाजवायचे, कारण आजीला आवाज सहन व्हायचा नाही. आमच्या म्हशीला चालायचा. बाबांचं वादन कुठेच मुद्रित नाही. बँडचं असेल कुठेतरी, पण त्यात बाबा कुठले हे कसं कळणार? ताईंनी घरातल्या टेपांचं लिहिलंय ते वाचून मला ते फार लागलं. गोठ्यातल्या त्या वादनाची एक कॅसेट असती तर. घरात टेपरेकॉर्डर होता, आम्ही त्यावर सिनेमाची गाणी ऐकत बसायचो.

टाइनकाठी

सदा, बाबांकडे तो चँटर अजून आहे का? असेल तर आजच मोबाइलवर घ्या. श्वास पुरत नसेल तर चार स्वर घ्या. बोटं दिसतील असा व्हिडिओ घ्या, आणि ते बोलत असतील तर मध्ये थांबवू नका.

मंद्रसाधक

@बेळगावचा_सदा, मोबाइल हातात धरू नका. तीन-चार फुटांवर उशीवर ठेवा, पंखा बंद करा. फाइल व्हॉट्सॲपने न पाठवता तशीच ठेवा, व्हॉट्सॲप ती दाबून टाकतं. मला पाठवलीत तर काही न पुसता जपून ठेवीन.

बेळगावचा_सदा

चँटर आहे. ट्रंकेत, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला. पत्ती मात्र पार चिरली आहे. बेळगावात एकांनी मिळवून देतो म्हटलंय.

तोवर म्हटलं बाबांना ऐकवूया. डाव्या कानाला हेडफोन लावून टॉम क्लफ लावला. काय आहे, कुणाचं आहे, काही सांगितलं नाही. पहिली फेरी कपाळाला आठ्या घालून ऐकली. दुसऱ्या फेरीला बोटं मांडीवर आली. एकदम सगळी नाही, एकेक उचलून परत ठेवत. मग हेडफोन काढला आणि म्हणाले, “ह्याच्या चँटरला खाली बूच मारलंय काय रे?”

मी म्हटलं होय. तर म्हणाले, “परत लाव.”